पॉवरचं बटण दाबल्यावर काय होतं? हँडहेल्डवर विंडोज आणि लिनक्स, नऊ महिन्यांनंतर

माझ्या हँडहेल्डला, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या गेमिंग संगणकाला, नऊ महिने झाले. पहिले चार महिने त्यावर विंडोज ११ होतं, यंत्राबरोबर आलं तसंच. मग महिना-दीड महिना दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवून सारख्याच वापरल्या, आणि त्यानंतर रोजचा खेळ लिनक्सवर आला. पडदा ७ इंची, १०८० पी, १२० हर्ट्झ, चिप एएमडीची, मेमरी १६ जीबी, तीही प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्यात वाटून घ्यायची.

घेण्याआधी मी एकच गोष्ट शोधत होते, ती म्हणजे कुठल्या प्रणालीवर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतात. आता तो प्रश्न मला दुय्यम वाटतो. माझं खेळणं सलग होत नाही. पंधरा-वीस मिनिटं मिळतात, कुणीतरी हाक मारतं, यंत्र बाजूला पडतं आणि दोन-तीन तासांनी परत हातात येतं. अशा वेळी पॉवरचं बटण दाबल्यावर ते खरंच झोपतं का, आणि उठल्यावर खेळ सोडला होता तिथेच सापडतो का, यावरच माझा बराचसा निकाल ठरला. टेबलाशी बसून तीन तास खेळणाऱ्या माणसाने माझा अनुभव थोडा हात राखूनच घ्यावा.

विंडोजवर ही झोप मला कधी भरवशाची वाटली नाही. दहापैकी सात-आठ वेळा सगळं ठीक व्हायचं. उरलेल्या वेळी पिशवीतून काढलेलं यंत्र कोमट लागायचं आणि बॅटरी निम्मी झालेली असायची, नाहीतर खेळ बंद पडून नुसता डेस्कटॉप समोर यायचा. मुळात आजच्या बऱ्याच चिपवर जुनी एस३ झोप, जिच्यात मेमरी सोडून जवळपास सगळंच बंद व्हायचं, ती उरलेलीच नाही. त्याऐवजी यंत्र अगदी कमी विजेवर अर्धवट जागं राहतं आणि विंडोज त्या अवस्थेतही काही कामांना, नेटवर्कला, अपडेटला जागा देतं. माझ्या यंत्रावर लिनक्सही तीच अर्धी झोप वापरतं, हार्डवेअर तर बदललेलं नाही. पण झोपण्याआधी ते चालू असलेले सगळे प्रोग्राम गोठवून टाकतं, त्यामुळे मधेच उठून काम करायला कुणी मोकळं राहत नाही. परिणाम हातात कळतो. रात्री एल्डन रिंग हा खेळ अर्ध्यात सोडून बटण दाबलं, की सकाळी तीच तलवार, तोच शत्रू आणि बॅटरीत जेमतेम काही टक्क्यांचा फरक.

विंडोजवर यावर एक उपाय आहे आणि तिथेच राहायचं असेल तर तो पहिल्याच दिवशी करा. पॉवरच्या बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट द्या. मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होतं, त्यामुळे बॅटरी वाचते. उठायला मात्र माझ्याकडे पंधरा-वीस सेकंद लागायचे, आणि एक-दोन खेळ उठल्यावर काळा पडदाच दाखवायचे.

दुसरा त्रास बोटांचा. विंडोज माउससाठी घडलेलं आहे. एखादा लाँचर, म्हणजे खेळ सुरू करून देणारं ॲप, मधेच छोटी खिडकी उघडून ‘अटी मान्य आहेत का’ विचारतो, कंट्रोलरची बटणं तिथे चालत नाहीत, कीबोर्ड वर येत नाही आणि ७ इंची पडद्यावर ते इवलंसं ‘ओके’ बोटाखाली सापडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरओजी एक्सबॉक्स ॲलाय या हँडहेल्डबरोबर जो पूर्ण पडद्याचा एक्सबॉक्स अनुभव आला, त्याने हे बरंच सुधारलं आहे. यंत्र डेस्कटॉपऐवजी थेट खेळांच्या यादीत उघडतं आणि मागची बरीच कामं सुरूच होत नसल्याने मेमरी मोकळी राहते. माझ्या पहिल्या चार महिन्यांत हे नव्हतं. नंतर वापरून पाहिलं तेव्हा मनापासून बरं वाटलं. पण त्या चकचकीत यादीच्या खाली विंडोज तेच आहे. तिसऱ्याच कंपनीचा लाँचर उघडला की ती छोटी खिडकी परत हजर.

लिनक्सकडे वळताना माझी भीती साधी होती: माझे खेळ तिथे चालतील का? विकत घेतलेला जवळपास सगळा संग्रह विंडोजसाठी बनलेला. इथे प्रोटॉन नेमकं काय करतं हे समजल्यावर धीर आला. स्टीम हे खेळांचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ते ऑगस्ट २०१८ मध्ये आणलं आणि त्याच्या पोटात वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं जुनं साधन, आहे. हे सगळ्या विंडोजची नक्कल करत बसत नाही. खेळ विंडोजकडे जी मागणी करतो, ती लिनक्सला कळेल अशा मागणीत बदलून पुढे पाठवतं. खेळ चित्रं काढायला विंडोजची डायरेक्टएक्स ही भाषा वापरतात. तिच्या ९ ते ११ आवृत्त्यांसाठी डीएक्सव्हीके हा भाषांतरकार, १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन, आणि दोघांचाही शेवट वल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत होतो. एल्डन रिंग २०२२ मध्ये आला तेव्हा विंडोजवर अडखळत होता आणि व्हॉल्व्हच्या लिनक्सवाल्या स्टीम डेक हँडहेल्डवर जास्त गुळगुळीत चालला, याचं कारण या मधल्या थरातच होतं. भाषांतर करणाऱ्यालाच मूळ मागणीतला दोष झाकता आला. माझ्या संग्रहातल्या साठेक खेळांपैकी तीन चालले नाहीत, पाच-सहांना प्रोटॉनची वेगळी आवृत्ती निवडून द्यावी लागली आणि बाकीचे नुसते सुरू झाले. घेण्याआधी प्रोटॉनडीबीवर, म्हणजे कुठला खेळ लिनक्सवर कसा चालतो हे खेळणारेच नोंदवतात त्या साइटवर, आपल्या खेळांची नावं टाकून पाहा, तासाभरात चित्र स्पष्ट होतं.

कुठलं लिनक्स, हा प्रश्न हमखास येतो. व्हॉल्व्हचं स्टीमओएस आर्च या लिनक्सवर उभं आहे आणि मे २०२५ च्या ३.७ आवृत्तीपासून डेकशिवाय इतर यंत्रांकडेही लक्ष देऊ लागलं. बॅझाइट हे दुसरं, फेडोरा या लिनक्सवर उभं आहे आणि त्यात बऱ्याच हँडहेल्डच्या बटणांची, पंख्याची, वॉटची सोय आधीपासून असते. दोन्हींत प्रणालीचा गाभा कुलूपबंद असतो, अपडेट म्हणजे अख्खी नवी प्रत, आणि जुनी प्रत बाजूला राहते. माझी मागची दोन बटणं एका अपडेटनंतर मुकी झाली. सुरू होताना यादीतली मागची प्रत निवडली आणि पाच मिनिटांत खेळत होते. विंडोजवर ड्रायव्हर बिघडला तेव्हा माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

फ्रेमबद्दल थोडं. चार्जर लावून, चिपला २५ वॉट वीज देऊन खेळताना मला दोन्हींत फरक जाणवला नाही. १५ वॉटवर, आणि त्याहून खाली १० वर, लिनक्स जास्त सपाट चालतं. सरासरी फ्रेम दोन-तीनच जास्त, पण मधले झटके खूपच कमी. माझा आवडता आकडा ४०. ३० फ्रेमला एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १६.७, आणि ४० ला बरोबर २५, म्हणजे वेळेच्या हिशेबात अगदी मधोमध. १२० हर्ट्झचा पडदा सेकंदाला १२० वेळा बदलतो, त्यामुळे ४० चं प्रत्येक चित्र त्यावर नेमकं तीनदा दिसतं. लिनक्सच्या गेम मोडमध्ये एक बटण दाबून कडेच्या पट्टीत ही मर्यादा लावता येते, प्रत्येक खेळाला वेगळी.

आता जिथे लिनक्स हरतं, तिथे ते पूर्ण हरतं. ऑनलाइन स्पर्धेचे खेळ. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या लबाडी पकडणाऱ्या दोन्ही प्रोग्रामनी २०२१ मध्येच प्रोटॉनची सोय दिली, पण ती चालू करायची की नाही हे खेळ बनवणाऱ्याच्या हातात आहे. फोर्टनाइट, व्हॅलोरंट चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स चालत होता, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी त्याचा लिनक्सचा दरवाजा बंद झाला. म्हणजे आज चालणारा खेळ उद्या बंद होऊ शकतो आणि त्यावर आपला काहीही ताबा नाही. ही गोष्ट मला मनापासून खुपते. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीतले खेळही लिनक्सवर उतरवून खेळता येत नाहीत, ब्राउझरमधून क्लाउडवर खेळावे लागतात. तुमचा मुख्य खेळ यांपैकी असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या आणि विंडोजवरच राहा.

माझ्या मावसभावाबरोबर मी दर शनिवारी एक संघाचा नेमबाजीचा खेळ खेळते आणि तो लिनक्सवर चालत नाही, म्हणून मी दोन्ही ठेवली. यात तीन ठिकाणी ठेचकाळले, तेवढं लिहून ठेवते. लिनक्स बसवण्यासाठी सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना प्रणालीची खात्री करणारं कुलूप, बंद केलं आणि पुढच्या वेळी विंडोजने डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली. माझ्या हाताशी ती नव्हती, फोनवरून खात्यात शिरून शोधेपर्यंत घाम फुटला. आधी किल्ली कागदावर उतरवा, मगच काहीही करा. दुसरं, खेळांसाठी दोन्हींना मिळून एकच एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने मांडलेली) डिस्क ठेवण्याचा मोह टाळा. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी एक खोटी सी ड्राइव्ह तयार करतं आणि तिच्यात विंडोजला न चालणारी नावं असतात. माझी डिस्क दोनदा दुरुस्त करावी लागली. तिसरं, घड्याळ. विंडोज यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. प्रणाली बदलली की तास पुढे-मागे होतात, आणि खेळाची प्रगती ऑनलाइन जपणाऱ्या क्लाउडला कुठलं सेव्ह नवं हेच कळत नाही. माझे एका खेळातले सहा तास असेच जुन्या सेव्हखाली गाडले गेले. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितल्यावर ते थांबलं.

आता विंडोजला १५० जीबीचा एक कोपरा दिला आहे. त्यात तो एकच खेळ आणि बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट करायचं निर्मात्याचं ॲप, एवढंच. बाकीची डिस्क आणि अख्खं मेमरी कार्ड लिनक्सचं. शुक्रवारी रात्री यंत्र विंडोजमध्ये सुरू करून चार्जरला लावते, साठलेले अपडेट उतरू देते, आणि शनिवारी नऊ वाजता भावाचा फोन येतो तेव्हा मी लॉबीत बसलेली असते.