जॅकी रॉबिन्सन म्युझियम, न्यूयॉर्क: नातवंडांना घेऊन जा

न्यू जर्सीत लेकीकडे होते, तेव्हा नातवाने हट्टाने मॅनहॅटनमधल्या व्हॅरिक स्ट्रीटवर नेलं. बेसबॉलमधलं मला फारसं कळत नाही, तरी दोन तास कसे गेले समजलं नाही. एबेट्स फील्डच्या मॉडेलपाशी तर पाय निघेना. १५ एप्रिल १९४७ ला याच मैदानावर ब्रुकलिन डॉजर्स संघाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी पहिल्या बेसवर उभा राहिला आणि मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, कृष्णवर्णीयांना साठेक वर्षं बंद ठेवलेलं दार उघडलं. शिव्या, धमक्या गिळून त्याच वर्षी रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवोदित! नातू माझा हात घट्ट धरून म्हणाला, "आजी, जॅकीच्या जर्सीचा ४२ नंबर १९९७ पासून सगळ्याच संघांनी त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवलाय." पत्नी रेचेलने १९७३ मध्ये काढलेलं शिष्यवृत्त्यांचं फाउंडेशनच हे म्युझियम चालवतं. जरूर जा, पण घाईत नको.