दत्तक निकालानंतरचे परदेशातले आठवडे: ‘मुक्काम पॅकेज’ कितपत कामाचं?

परदेशातल्या बालगृहातून सात-आठ वर्षांपुढची मुलं दत्तक घेताना कोर्टाचा निकाल लागला की घरी पेढे वाटले जातात. परदेशात थांबलेल्या पालकाचं खरं काम मात्र तिथून सुरू होतं. अपिलाची मुदत कुठे दहा दिवसांची असते, कुठे महिन्याची. ती संपल्यावर नवा जन्मदाखला, मग पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, व्हिसा. नोकरी किंवा घरची मुलं यांच्यापायी दोघांपैकी एकाला परतावं लागतं आणि दुसरा एकटा मागे राहतो. याच काळासाठी समन्वयक मंडळी एक ठोक पॅकेज देतात: सामानासह फ्लॅट, गाडी, दुभाषी आणि कागदपत्रांची धावपळ. हे परीक्षण कुणा एका संस्थेचं नाही. अशा पॅकेजमध्ये साधारणपणे जे मिळतं, त्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, एवढंच इथे पाहिलं आहे.

मत आधीच सांगतो. फ्लॅट घ्या, गाडी लागेल तशी मागवा आणि दुभाष्याचे तास पॅकेजमध्ये असतात त्याच्या दुप्पट घ्या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. घर मोठं बघतात आणि दुभाष्यात काटकसर करतात.

फ्लॅट हवाच, कारण हॉटेलात स्वयंपाकघर नसतं आणि कपडे धुण्याचं मशीनही नसतं. बालगृहातून आलेल्या मुलांच्या डोक्यात उवा असणं अगदी नेहमीचं आहे. औषध एकदा लावून भागत नाही. बहुतेक औषधांनी लिखा पूर्ण मरत नाहीत आणि त्या आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवसाच्या आसपास पुन्हा लावावं लागतं. चादरी, उशांचे अभ्रे, टोप्या गरम पाण्याच्या चक्रावर धुवायच्या आणि धुता न येणारं सगळं पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला ठेवायचं. मशीन इमारतीच्या तळघरात सामायिक असेल तर एकट्या माणसाची पंचाईत होते: मुलांना वर एकटं ठेवायचं की ओल्या कपड्यांच्या बादलीसकट सगळ्यांची वरात खाली न्यायची? मशीन फ्लॅटच्या आत हवं, ही अट सोडू नका.

जाहिरातीत बाल्कनी आणि वरच्या मजल्याचं फार कौतुक असतं. आमच्या लेखी तो दोष आहे. मोठ्या निवासी शयनगृहात वाढलेल्या मुलाला उघडी बाल्कनी, गॅसचं बटण, लिफ्ट ही सगळी नवी खेळणी असतात. पहिला-दुसरा मजला बरा. खिडक्यांना अडसर असावा. गीझर पन्नास अंशांच्या खाली ठेवता यायला हवा, कारण गरम-थंड पाणी स्वतः मिसळून घ्यायची सवय मुलाला नसू शकते. न्हाणीघराच्या दाराची कडी बाहेरून उघडते का, हे पहिल्याच दिवशी स्वतः करून बघा. रागावलेलं किंवा घाबरलेलं मूल आत जाऊन कडी लावतं आणि घरमालक फोन उचलत नाही, हा प्रसंग या कामातल्या माणसांच्या चांगला ओळखीचा आहे.

खोल्या दोन असल्या तरी पहिले काही दिवस सगळ्यांची अंथरुणं एकाच खोलीत घाला, पण प्रत्येकाचं वेगळं. दहा-बारा जणांच्या श्वासोच्छ्वासात झोपायची सवय असलेल्या मुलाला स्वतंत्र खोली म्हणजे बक्षीस वाटत नाही, शिक्षा वाटते. उशीखाली पाव किंवा बिस्किटं सापडली तर ओरडू नका आणि काढूनही घेऊ नका. टेबलावर एक वाडगं ठेवा, त्यात सुकं खाणं कायम भरलेलं असू द्या आणि ते मुलाच्या डोळ्यांसमोर भरा. वाडगं रिकामं होत नाही याची खात्री पटायला बराच वेळ लागतो. तोवर उशी झटकणं हे रोजच्या कामांत धरा.

फ्लॅटला पाचपैकी चार. एक गुण जातो तो फोटो आणि वस्तुस्थिती यांतल्या अंतरापायी. पैसे भरण्याआधी व्हिडिओ कॉलवर नळ सोडून, मशीन सुरू करून, खिडकी उघडून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर दुसरं घर बघा.

आता दुभाषी. पॅकेजमध्ये तो कोर्ट आणि कचेऱ्यांपुरता असतो, म्हणजे साधारण सकाळपासून दुपारपर्यंत. मुलांचे प्रश्न मात्र अंधार पडल्यावर सुरू होतात. मला परत पाठवणार का? मागे राहिलेल्या माझ्या मित्राचं काय? माझं नाव बदलणार का? हे मोबाइलच्या ॲपवर सोपवायचे प्रश्न नाहीत. भाषांतर करणारी ॲप बऱ्याच जोड्यांमध्ये मधल्या इंग्रजीवरून जातात, त्यामुळे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची गल्लत होते, स्त्रीलिंग-पुल्लिंग फिरतं आणि लांब वाक्यातला नकार कधी कधी गळून पडतो. ‘तू रडलास म्हणून मी तुला परत पाठवणार नाही’ या वाक्यातला नकार गळला तर काय होईल, ते सांगायला नको. ॲपला फक्त पाणी, भूक, थंडी, चप्पल एवढंच काम द्या. वाक्य चार-पाच शब्दांचं, एका वेळी एकच.

म्हणून करार करताना दिवसाच्या तासांसोबत रोज संध्याकाळी अर्धा तास फोनवर दुभाषी मागा. वेळ ठरलेली हवी. मुलांना ती कळली की दिवसभराचे प्रश्न ती त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवतात आणि तुमचीही तारांबळ कमी होते. कोर्टातला अधिकृत दुभाषीच घरी हवा असं नाही. उलट मुलांशी बोलायला शिक्षकी पेशातलं माणूस पुष्कळदा सरस ठरतं.

आणखी एक काम पहिल्याच दिवशी त्याच्याकडून करून घ्या. वीसेक वाक्यं त्याच्या आवाजात तुमच्या फोनवर रेकॉर्ड करा. लिहून घेऊ नका, कारण दहा वर्षांच्या मुलालाही वाचता येईलच असं नसतं. वाक्यं अशी: ‘कुठे दुखतंय, बोट लाव.’ ‘मी अंघोळीला जातोय, दार उघडायचं नाही.’ ‘उद्या आपण कचेरीत जाऊ आणि परत याच घरी येऊ.’ या शेवटच्या वाक्याचा उपयोग सर्वांत जास्त. गाडीत बसवून कुठेतरी नेणं म्हणजे ठिकाण बदलणं, हाच त्यांचा आजवरचा अनुभव असू शकतो. त्यामुळे वैद्यकीय तपासणीच्या सकाळी एखादं मूल आपलं सगळं सामान पिशवीत भरून दाराशी उभं राहतं. गाडी बोलावण्याआधी ते वाक्य दोनदा ऐकवा आणि पिशवी तिथेच राहू द्या.

पॅकेजमधल्या दुभाष्याला पाचपैकी दोन. काम वाईट असतं म्हणून नाही, तास चुकीच्या वेळी असतात म्हणून.

कागदपत्रांची सेवा चांगली असते, पण डोळे झाकून विसंबू नये. सगळ्यांत महाग पडणारी चूक नावाच्या स्पेलिंगची. एका लिपीतलं नाव दुसऱ्या लिपीत लिहिताना निकालपत्रात एक, जन्मदाखल्यात दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असं होऊ शकतं आणि व्हिसाच्या खिडकीवर सगळं अडतं. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं स्वतः ताडून बघा. हे काम पोचपावतीवर सही करण्याआधीचं. परत जाणाऱ्या जोडीदाराचं मुखत्यारपत्र तो विमानात बसण्याआधी तयार हवं. त्यात पासपोर्टचा अर्ज, वैद्यकीय संमती आणि मुलांसह देशाबाहेर प्रवास हे तिन्ही अधिकार वेगवेगळे लिहिलेले असावेत. ते मायदेशी करायचं ठरलं तर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र), भाषांतर आणि कुरिअर यांत आठवडा सहज जातो.

तपासणीत क्षयरोगाची त्वचाचाचणी असेल तर ती गुरुवारी करू नका. सुई टोचल्यानंतर 48 ते 72 तासांत दवाखान्यात परत जाऊन तिचा निकाल बघून घ्यावा लागतो, म्हणजे शनिवार-रविवार. दवाखाना बंद असला तर चाचणी वाया. समन्वयकाने हे आपणहून सांगितलं, तर तो अनुभवी आहे असं समजा.

गाडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दिवसभराची गाडी बहुतेक वेळ खाली उभी असते. फेरीगणिक दर ठरवा, एवढंच.

पैशांचं मात्र नीट बघा. 1993 च्या हेग दत्तक कराराच्या (एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकविधानांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) 32व्या कलमानुसार दत्तकविधानातून कुणी गैरवाजवी आर्थिक लाभ घ्यायचा नाही. प्रत्यक्ष खर्च आणि वाजवी व्यावसायिक शुल्क तेवढंच घेता येतं. म्हणून पॅकेजमधल्या प्रत्येक रकमेची फोड आणि पावती मागाच. ‘काम लवकर व्हावं म्हणून’ किंवा ‘बालगृहाला भेट म्हणून’ रोख मागितली, तर द्यायची नाही आणि आपल्या दत्तक संस्थेला त्याच दिवशी लेखी कळवायचं. बँकेचा ओटीपी येणारं सिम रोमिंगवर चालू ठेवा आणि दोन वेगळ्या बँकांची कार्डं जवळ असू द्या. एक कार्ड ब्लॉक झालं तर मुलांना घेऊन बँकेच्या हेल्पलाइनवर ताटकळणं परवडत नाही.

पॅकेजमध्ये जवळजवळ कधीच नसणारी गोष्ट म्हणजे दुसरा मोठा माणूस. एकट्या पालकाला रात्री ताप भरला तर मुलांजवळ कोण बसणार? ते नाव, तो फोन नंबर आणि तो किती मिनिटांत पोहोचेल, हे करारातच लिहून घ्या. मुलांनी त्या माणसाला आधी दोनदा तरी पाहिलेलं असावं.

शेवटी मुदतवाढ. पॅकेज ठरावीक दिवसांचं असतं, कचेऱ्या मात्र सणासुदीला बंद असतात आणि पासपोर्ट छापून यायला वेळ लागतो. वाढीव दिवसाचा दर किती, घरमालकाने पुढचं बुकिंग घेतलेलं आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. परतीची तिकिटं तारीख बदलता येणारीच काढा आणि मुलांचं वय प्रवासाच्या तारखेला किती भरतं ते बघून घ्या. बारा वर्षं पूर्ण झाली की विमान कंपन्या मोठ्यांचं भाडं लावतात.