झाबुआहून इंदूरला पार्सलने आलेली कडकनाथची अंडी: पॅकिंग पक्कं, लस कच्ची

दोन डझन उबवणीची अंडी आणि मॅरेक्सची (कोंबड्यांना लुळं पाडणाऱ्या विषाणूरोगाची) लस असा हा संच. फोमच्या खाचांत प्रत्येक अंडं निमुळतं टोक खाली करून बसवलेलं, एकही फुटलेलं नाही. पण न फुटलेलं अंडं धड असतंच असं नाही. दीडशे किलोमीटरच्या धक्क्यांनी हवेचा कप्पा सुटतो; टॉर्चवर धरलं की बुडबुडा इकडेतिकडे पळताना दिसतो. अशी अंडी चोवीस तास ट्रेमध्ये उभी ठेवा, मगच उबवणी मशीनमध्ये घाला आणि पहिले दोन-तीन दिवस फिरवू नका. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश, आर्द्रता अठराव्या दिवसापर्यंत ४५-५० टक्के, पुढे ६५-७०. मे महिन्यात मात्र मागवूच नये: गाडीतल्या उष्णतेनं गर्भ अर्धवट वाढतो आणि मरतो.

विक्रेत्याच्या सूचनापत्रात यातलं काहीच नाही, फक्त 'एकवीस दिवस थांबा'!

खरी तक्रार लशीची. कुपी हजार डोसांची, २ ते ८ अंशांत ठेवायची, आणि ती आली वितळलेल्या बर्फाच्या पिशवीसोबत. अशी लस टोचून उपयोग नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दुकानातून थंड साखळीतली, म्हणजे कारखान्यापासून सतत थंडीत ठेवलेली, घ्या. सोबतच्या द्रावकात कालवून पिल्लू निघाल्यापासून चोवीस तासांत मानेच्या कातडीखाली ०.२ मिली टोचायची आणि कालवलेली लस तासाभरात संपवायची. वीस पिल्लांसाठी उरलेले डोस फेकावे लागतात, शेजारच्या पाळणाऱ्यांसोबत वाटून घेतलेलं बरं. मानमोडीसाठी (राणीखेत रोगासाठी) लासोटा या लशीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात.

अंड्यांना चार तारे, लशीला शून्य.