विकिपीडियावर शिकवून पाहिलं: चार सत्रांनंतरचा अभिप्राय

पहिल्याच तासाला झालेली फजिती आधी सांगते, म्हणजे निदान तुमची तरी होणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्राचा पदव्युत्तर वर्ग, चौदा जण. मी ऐटीत म्हटलं, "चला, उघडा विकिपीडियावर खातं." सहा जणांची खाती उघडली, सातव्याला नकार. कुणी वायफाय बंद-चालू केलं, कुणी ब्राउझर बदलला, एकाने तर शेजारणीचा लॅपटॉप ओढून घेतला. मग कळलं की एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) चोवीस तासांत सहाच खाती उघडता येतात, आणि आमच्या अख्ख्या वर्गाचा पत्ता बाहेर एकच दिसत होता. नियम लिहिलेला होता, वाचायचा राहिला होता माझा. उरलेल्या आठांनी मोबाइल डेटावरून काम भागवलं. तेव्हापासून खाती आदल्या आठवड्यात, आपापल्या घरून.

तर विषय असा की गेली चार सत्रं मी सेमिनार-निबंध बंद करून त्याजागी विकिपीडियाचे लेख लिहून आणि सुधारून घेते आहे. सोबत ‘प्रोग्राम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्ड’ वापरते. दोन्ही फुकट. डॅशबोर्डवर वर्गाचं पान काढायचं, त्याची लिंक विद्यार्थ्यांना द्यायची, कोण कोणता लेख घेणार ते नोंदवायचं. त्यांनी विकिपीडियावर काहीही बदललं की ते इथे एका जागी दिसतं. लेख उघडून लेखकांचे रंग चालू केले की कुठलं वाक्य कुणाचं ते रंगावरून कळतं. गटात काम दिल्यावर "मॅडम, आम्ही सगळ्यांनी मिळून केलं" हे वाक्य ऐकणं त्यामुळे बंद झालं.

विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला होता: "तिथे कुणीही काहीही लिहितं." लिहितं खरं. पण पुसणारेही तिथेच बसलेले असतात, हे त्यांना पटवायला मी आमच्याच क्षेत्रातली उदाहरणं नेली. ‘आरएनए बायॉलॉजी’ या नियतकालिकाने २००८ मध्ये अट घातली की नव्या आरएनए कुटुंबाचं, म्हणजे एकमेकांशी नातं असलेल्या आरएनए रेणूंच्या गटाचं, वर्णन छापायचं असेल तर सोबत विकिपीडियासाठी लेख द्या. ‘प्लॉस कम्प्युटेशनल बायॉलॉजी’ने २०१२ पासून ‘टॉपिक पेजेस’ सुरू केली: तज्ज्ञांनी तपासलेला लेख नियतकालिकात छापायचा आणि त्याचीच प्रत विकिपीडियावर टाकायची. साहित्यवाल्यांसाठी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं उदाहरण आहे. तिथल्या लॅटिन अमेरिकी साहित्याच्या वर्गाने २००८ मध्ये तीन लेख ‘फीचर्ड’ या सर्वोच्च दर्जापर्यंत नेले होते. नियतकालिकांची नावं ऐकल्यावर आवाज जरा खाली आला. "बघा करून," असं म्हणून परवानगी मिळाली.

आता मुद्द्याची गोष्ट. पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपण दोन वर्षं एकच शिकवत असतो, नवीन काहीतरी सांग. विकिपीडियाचा नियम बरोबर उलटा: स्वतःचं संशोधन इथे चालणार नाही, जे इतरांनी आधी तपासून छापलंय तेवढंच सांग, आणि प्रत्येक विधानाला आधार दे. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याला हे फार लागलं. प्रबंधातली ताजी आकडेवारी त्याला लेखात घालायची होती. "माझंच काम मला लिहिता येत नाही?" नाही येत. दोन दिवस तो रुसला आणि मग जुने आढावा लेख (आधीच्या संशोधनाचा एकत्र मागोवा घेणारे लेख) वाचायला बसला. त्याने विषयाचा इतिहास तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला, हे त्यानेच मला सांगितलं.

एक प्रसंग जवळून दाखवते. ‘कोरम सेन्सिंग’ म्हणजे जीवाणू आपली गर्दी किती झाली हे रासायनिक संकेतांवरून ओळखतात आणि पुरेशी झाली की एकजुटीने वागणूक बदलतात, ती गोष्ट. एका विद्यार्थिनीने लिहिलं: "कोरम सेन्सिंगचा शोध १९९४ मध्ये लागला. हा एक क्रांतिकारक शोध होता." खाली संदर्भ व्यवस्थित दिलेला. दोन तासांत दोन्ही वाक्यं उडाली. उडवणाऱ्याने सारांशाच्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं: "संदर्भात असं म्हटलेलं नाही. क्रांतिकारक कुणाच्या मते?" ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, आपण दोघी मूळ पेपर उघडू.

उघडला. १९९४ च्या त्या लेखाने ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव दिलं. वर्तन त्याच्या कितीतरी आधी दिसलं होतं. नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्येच चमकणाऱ्या सागरी जीवाणूंवर दाखवलं होतं की संख्या पुरेशी वाढल्याशिवाय चकाकीचं विकर बनायलाच लागत नाही. म्हणजे बारसं १९९४ चं, जन्म जुना. आणि इथे मला खाली मान घालायची वेळ आली, कारण उत्तरपत्रिकांत ‘शोध १९९४’ या ओळीला मी कितीतरी वर्षं बरोबरची खूण करत आले होते.

तिने नवं वाक्य धूळपाटीवर पाच वेळा लिहिलं. (‘सँडबॉक्स’ला, म्हणजे कच्चं लिहून बघायच्या सरावाच्या पानाला, मराठी विकिपीडियावर धूळपाटी म्हणतात, आणि मला तो शब्द इतका आवडतो की इंग्रजीत काम करतानाही वर्गात आम्ही तोच वापरतो.) शेवटी लेखात हे गेलं: "संख्या वाढल्यावरच प्रकाश देण्याचं जीवाणूंचं वर्तन १९७० मध्ये वर्णिलं गेलं; अशा वर्तनाला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव १९९४ मध्ये मिळालं." दोन वर्षं, दोन क्रियापदं, दोन संदर्भ. ‘क्रांतिकारक’ गेलं ते गेलंच. त्या एका वाक्याला आम्ही पाऊण तास दिला. निबंधाच्या समासात मी लाल शाईने "तपासा" लिहिलं असतं तर तिने पान उलटून गुण बघितले असते.

शिकवणाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्यात सोन्यासारखी जागा म्हणजे इतिहासाचा टॅब आणि त्यातला ‘फरक’. आधीचं वाक्य डावीकडे, नंतरचं उजवीकडे, बदललेला शब्द रंगवलेला. संपादन म्हणजे काय हे मी पूर्वी तोंडी सांगायचे. आता पडद्यावर फरक लावते आणि विचारते, हा शब्द का काढला असेल? दहा मिनिटांत जी चर्चा होते ती व्याख्यानातून होत नाही.

माझीही एकदा चांगली जिरली. एका विद्यार्थ्याने बायोफिल्मच्या (पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या जीवाणूंच्या थराच्या) लेखात माझेच तीन पेपर संदर्भ म्हणून घातले. मला खूश करायला, दुसरं काय. चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या संपादकांच्या बोलण्याच्या पानावर, कुणा अनोळखी संपादकाने सभ्यपणे विचारलं, "एकाच गटाचे तीन प्राथमिक संदर्भ कशासाठी?" (प्राथमिक म्हणजे संशोधकांनी स्वतःच्याच प्रयोगांवर लिहिलेले पेपर.) प्रश्न अगदी रास्त होता. माझ्या निष्कर्षांचा कुठल्या आढावा लेखाने अजून परामर्श घेतलेला नाही, हे मी त्या विद्यार्थ्यासमोर कबूल केलं आणि तिन्ही काढायला लावले. आता पहिल्याच दिवशी सांगते: मार्गदर्शकाचे पेपर वापरायचे नाहीत.

उणिवा म्हणाल तर सगळ्यात फसवे आकडे. बदलाचा आकार विकिपीडियाच्या इतिहासात बाइटमध्ये दिसतो, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, मात्राही वेगळी मोजली जाते. मराठीत लिहिणाऱ्याचं काम त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या तिप्पट दिसू शकतं. शिवाय भर घातली की हिरवा आकडा, काढलं की लाल. पहिल्या सत्रात मी शब्दसंख्येला गुण ठेवण्याची घोडचूक केली. लेख फुगले, एकच गोष्ट तीनदा सांगितली गेली. आणि ज्या मुलीने एका लेखातला विनासंदर्भ पसारा झाडून स्वच्छ केला तिच्या नावापुढे लाल रंगात उणे नऊशे बारा. वर्गातलं सर्वोत्तम काम ते होतं आणि माझ्या तक्त्यात ती शेवटून दुसरी. ते गुण मी नंतर हाताने बदलले.

दुसरी चूक, कोरे नवे लेख लिहायला देणं. विषय उल्लेखनीय आहे हे स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोतांतून दाखवावं लागतं, नाहीतर लेख वगळण्याच्या चर्चेला येतो. इंग्रजीत ती चर्चा साधारण सात दिवस चालते. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात हे झालं तर विद्यार्थ्याची झोप उडते, आणि आपलीही. आता मी ‘स्टब’ (अगदी त्रोटक) किंवा ‘स्टार्ट’ (सुरुवातीच्या, अपुऱ्या) दर्जाचे, आधीच असलेले लेखच देते. वैद्यकीय विषय टाळते. तिथे संदर्भांचे निकष फारच कडक आहेत, एकट्या प्रयोगाचा पेपर देऊन भागत नाही, आढावा लेख किंवा मान्यवर मार्गदर्शिका लागते. आमची मुलं नेमकी प्रतिजैविकांकडे धावतात, त्यांना हाताला धरून मागे आणावं लागतं.

लेख टिकला की नाही यावर गुण कधीच ठेवू नका. तो निर्णय अनोळखी स्वयंसेवकांचा असतो आणि ते आपले परीक्षक म्हणून नेमलेले नाहीत. मी गुण देते ते संदर्भ निवडीला, धूळपाटीवरच्या मसुद्यांना, सहाध्यायाच्या लेखावर केलेल्या टिपणाला आणि चर्चा पानावरच्या उत्तरांना. उलटवलेलं, म्हणजे दुसऱ्या संपादकाने काढून टाकलेलं, वाक्य भांडून परत घालण्याला शून्य. (चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर विकिपीडियावरही खातं अडवलं जाऊ शकतं, हे सांगितलं की तावातावाने आलेले शांत होतात.)

यंत्राकडून लिहून आणणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. बनावट संदर्भ इथे लवकर उघडे पडतात आणि न तपासता टाकलेली यंत्रलिखित पानं झटपट वगळण्याचा नियम इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये केला आहे. माझ्या वर्गात एकानेच प्रयत्न केला. संदर्भातला डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) उघडला तर भलत्याच विषयाचा पेपर निघाला.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना आधी स्पष्ट सांगा: केलेला प्रत्येक बदल इतिहासात सगळ्यांना दिसत राहतो. खऱ्या नावाने खातं उघडायची सक्ती करू नका. ज्याला जाहीरपणे लिहायचंच नाही त्याला मी तेच काम कागदावर करू देते. चार सत्रांत अशा दोघी निघाल्या, दोघींनी छान लिहिलं.

तर घ्यावं का? स्वतः निदान महिनाभर संपादन करून पाहिलं असेल, दोन-चार वेळा आपलं वाक्य उलटवलं गेल्याचा अनुभव घेतला असेल, तर जरूर घ्या. निबंध तपासायचा कंटाळा आलाय म्हणून घेणार असाल तर नको, इथे काम वाढतं. चौदा जणांचे सगळे फरक वाचायला माझे आठवड्याचे चार तास जातात. पुढच्या सत्रात सव्वीस जण येणार असं कळलंय. दोघांत एक लेख द्यायचं ठरवलंय, लेखांची यादी अर्धी झाली आहे, आणि खाती उघडायची सूचना यावेळी प्रवेशाच्या पत्रासोबतच पाठवणार आहे.