सोरायसिस आहे, मेडिक्लेम नाही: सीपीआर, डी. वाय., खाजगी का आयुर्वेद?

सरळ मुद्द्यावर येतो. अंगावर लाल चट्टे, त्यावर चंदेरी खपल्या, डॉक्टरांनी सोरायसिस सांगितलाय, मेडिक्लेम नाही, आणि आता घरातला एकजण म्हणतोय कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलला जा, दुसरा म्हणतोय राजारामपुरीतला स्किनवाला चांगलाय, तिसऱ्याकडं कुठल्यातरी वैद्याचा नंबर आहे. मी औषध दुकानात काउंटरला असतो, त्यामुळं या सगळ्यांच्या चिठ्ठ्या हातात येतात. मी डॉक्टर नव्हे, कुठली गोळी घ्या हे सांगणार नाही. पैसा कुठं जातो ते मात्र सांगू शकतो.

आधी एक डोक्यात बसवा, हा आजार मुळासकट जात नाही, दबतो. प्रतिकारशक्तीच उलटी फिरलेली असते आणि जी कातडी महिनाभरात बदलायची ती तीन-चार दिवसांत बदलायला लागते. एका ताटात जेवल्यानं, टॉवेल वापरल्यानं कुणाला होत नाही. म्हणून पहिल्या फेरीचा खर्च बघू नका, न थांबता वर्षानुवर्षं महिन्याला किती झेपेल तो आकडा बघा. आमच्याकडं ठरलेलं असतंय, पहिल्या महिन्यात तीन हजाराची औषधं, दुसऱ्या महिन्यात "अर्धीच स्ट्रिप द्या", मग माणूस गायब, आणि थंडीत दुप्पट चट्टे घेऊन परत हजर.

आणि विमा नाही म्हणायच्या आधी पगाराची स्लिप बघा हो. शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्रीत, मशीनशॉपला असाल, पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापत असतील, तुमचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25. कापत असतील तर तुम्हाला विमा आहे, घरच्यांसकट, आणि त्यात ओपीडी आणि औषधंपण येतात. कित्येकांना हे माहीतच नसतंय. उलट महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेचं, रेशनकार्डवर 5 लाखापर्यंत उपचार असं ऐकून लोक खूश होतात, पण ती मुख्यतः ऍडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी, दर महिन्याच्या मलमाला तिचा उपयोग नाही. आता नवीन मेडिक्लेम काढावा म्हटलं तर जुन्या आजाराला वेटिंग असतं (2024 पासून ते जास्तीत जास्त 3 वर्षं केलंय) आणि साध्या पॉलिसीत ओपीडी नसतेच. म्हणजे सोरायसिससाठी म्हणून घाईनं पॉलिसी काढण्यात अर्थ नाही.

आता सीपीआर. केसपेपरचे नाममात्र पैसे, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असल्यानं स्किनची वेगळी ओपीडी, आणि मुख्य म्हणजे रक्ताच्या तपासण्या तिथंच. लोक डॉक्टरची फी मोजतात, पण सोरायसिसच्या गोळ्या सुरू झाल्या की लिव्हर, किडनी, रक्तपेशी हे परत परत बघावं लागतं, आणि बाहेरच्या लॅबमध्ये खरा खिसा तिथं कापला जातो. तोटा म्हणजे सकाळ जाते. गर्दी लई, आज एक डॉक्टर तर पुढच्या वेळी दुसरा, काही औषधं आतून मिळतात आणि काही बाहेरची लिहून देतात. त्यामुळं जुना केसपेपर आणि रिपोर्ट एका फाईलला लावून न्या, नाहीतर दरवेळी पहिल्यापासून पाढा वाचावा लागतो. जयसिंगपूर-शिरोळकडच्यांनी कोल्हापूरला यायची गरज नाही, मिरजेचं सरकारी हॉस्पिटल जवळ पडतं.

कदमवाडीचं डी. वाय. पाटील हॉस्पिटल मधली वाट. तेही मेडिकल कॉलेजचंच, खाजगीपेक्षा स्वस्त, पण औषधं तुमची तुम्हाला घ्यायची हे धरून चला.

खाजगीत फी चार-पाचशेपासून पुढं, अपॉइंटमेंट मिळते, एकच डॉक्टर कायम बघतो, आणि रोजंदारीवाल्यासाठी संध्याकाळची वेळ ही मोठी गोष्ट आहे. खाडा पडला तर सहाशे-सातशे गेलेच की, मग फुकटची ओपीडी फुकट कुठं राहिली? पण चिठ्ठीवर चार ट्यूब, महागडा साबण, महागडं मॉइश्चरायझर असं आलं तर तिथंच विचारा, "डॉक्टर, यातलं कशाशिवाय चालेल?" चांगला डॉक्टर रागवत नाही. साबण आणि मॉइश्चरायझर बहुतेक वेळा सुटतं, कारण साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल अंघोळ झाल्याझाल्या, अंग ओलसर असतानाच लावलं तर तेच काम करतं. आणि खपल्या काढायला वजरीनं घासू नका, कातडीला जखम झाली की नेमका तिथंच नवा चट्टा उठतो.

औषधांची तुलना केली तर फरक डोळे पांढरे करणारा आहे. थोडे चट्टे असतील तर स्टिरॉइडचं मलम, कोल टार, सॅलिसिलिक ऍसिड असलं काहीतरी, जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान) यातलं मिळालं तर निम्म्याहून कमी पैशात काम होतं (आमच्या मालकाला हे वाचायला देऊ नका). त्यासाठी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँड नको. चट्टे जास्त असतील तर मेथोट्रेक्सेट, जुनं, स्वस्त, गोळ्यांचा खर्च महिन्याला साधारण दोनशेच्या आत. पण ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून मी स्ट्रिपवर पेननं मोठ्या अक्षरात वार लिहून देतो, "फक्त सोमवार", आणि फॉलिक ऍसिडची गोळी वेगळ्या पाकिटात. दारू पूर्ण बंद. रविवारी तांबडा-पांढरा खावा, बाटली नको, लिव्हर आधीच गोळीच्या ताब्यात असतंय. मूल हवंय, दिवस गेलेत असं काही असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

अप्रेमिलास्ट ही गोळी नवीन, भारतीय कंपन्यांची मिळते, रक्त तपासण्यांची कटकट कमी, पण सुरुवातीला मळमळ-जुलाब होतात आणि दिवसाला दोन म्हणजे महिन्याला साठ गोळ्या. एका गोळीची किंमत साठानं गुणा आणि मगच हो म्हणा. फोटोथेरपीत, म्हणजे मशीननं कातडीवर ठराविक किरणं सोडण्यात, गोळ्यांचा त्रास नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा, अशा वीस-तीस बैठका, म्हणजे बैठकीच्या दरात बसभाडं आणि खाडा धरून हिशोब करा. सरकारीत मशीन चालू आहे का, कुठल्या वारी, हे ओपीडीतच विचारायचं. बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे उलटी फिरलेली प्रतिकारशक्ती नेमकी दाबणारी महागडी इंजेक्शनं, जोरदार चालतात, आधी टीबीची तपासणी लागते, पण पहिल्या एक-दोन इंजेक्शनवरची स्कीम बघून भुलू नका, सहाव्याचे पैसे कुठून येणार ते आधी ठरवा, कारण थांबवलं की आजार बहुतेकदा परत येतो.

आयुर्वेदाला माझा विरोध नाही, शिकलेल्या वैद्याकडं रीतसर पंचकर्म करणारे आहेत. फक्त ते स्वस्त पडतं हा गैरसमज. माझा विरोध बिननावाच्या पुड्यांना. आठ दिवसांत कातडी चकाचक झाली तर पुडीत स्टिरॉइड असू शकतं, आणि ते अचानक बंद झालं की आजार आधीपेक्षा भयंकर उसळतो. तसंच दुकानात येऊन "ती पांढरी ट्यूब द्या" म्हणणारे. असली स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं सरकारनं 2018 लाच केलंय, तरी मागणारे मागतातच.

मला विचाराल तर निदान आणि तपासण्या सीपीआरला, गोळ्या-मलम जनऔषधीतून, आणि खाडा अजिबात परवडत नसेल तरच खाजगी, तेही पहिल्याच भेटीत "विमा नाही, महिन्याला एवढेच जमतील" असं तोंडानं सांगून. सकाळी उठल्यावर बोटं, टाचा आखडत असतील तर तेही सांगा, सांध्यांचा सोरायसिस असेल तर नुसत्या मलमावर वेळ घालवून चालत नाही. आणि अख्खं अंग लाल झालंय, थंडी-ताप आहे असं झालं तर ओपीडीची वाट न बघता सीपीआरच्या कॅज्युअल्टीला जायचं, आधार आणि रेशनकार्ड बरोबर घेऊन, कारण ऍडमिट करून घेतलं तर तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) फुले योजनेचं विचारता येतं.