काळा पट्टा, ७३,२५० रुपये आणि भाच्याने काढलेला पट

मी नांदेडच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहे. सोयाबीन आणि हळदीच्या हंगामात रात्री नऊ-दहा वाजता रोकड घेऊन एकट्याने घरी जावे लागते. त्यामुळे 'प्राचीन युद्धविद्या, अठरा महिन्यांत चौघांना भारी' हा फलक वाचून मी त्या वर्गात गेलो, यात माझा वेडेपणा होता असे मला आजही वाटत नाही. मी बी. कॉम. आहे आणि दुसऱ्याच्या वहीतली चूक मला लांबून दिसते. तरीही बावीस महिन्यांत माझे ७३,२५० रुपये गेले, आणि ते कसे गेले हे लिहिताना आजही कान गरम होतात.

प्रवेश २,५००, गणवेश १,८५०, दरमहा १,२०० प्रमाणे २६,४००, सहा पट्ट्यांच्या परीक्षा प्रत्येकी १,५०० म्हणजे ९,०००, तीन दिवसांचे 'मर्मविद्या शिबिर' १२,००० आणि काळा पट्टा व 'आंतरराष्ट्रीय' प्रमाणपत्र २१,५००. प्रवेशाची पावती तेवढी मिळाली आणि तिच्यावर 'गुरुदक्षिणा' असे छापलेले होते. बाकी रक्कम मोबाइलवरून गुरुजींच्या पत्नीच्या खात्यात जात होती. पावतीवर 'फी' हा शब्द नसेल तर तिथेच पैसे परत मागा. या एका शब्दाची किंमत मला पुढे कळली.

आता ज्या क्षणी माझे डोळे उघडायला हवे होते, तो सांगतो. चौथ्या महिन्यात मोंढ्यातल्या एका हमालाचा मुलगा वर्गात आला. लाकडी चाकूने हल्ला कसा परतवायचा हे गुरुजी दाखवत होते. आम्ही सगळे हात पुढे करून तो तसाच ताठ ठेवत असू, मग गुरुजी तो हात धरून पिरगाळत आणि आम्ही अदबीने पडत असू. त्या मुलाने मात्र हात पुढे नेला, झटक्यात मागे घेतला आणि गुरुजींच्या पोटात तीनदा टोचले. गुरुजी लाल झाले आणि म्हणाले, "हल्ला असा करायचा नसतो." मुलगा म्हणाला, "चाकू मारणारा एकदाच मारून थांबतो का, सर?" त्याला त्याच दिवशी काढून टाकण्यात आले. आम्ही चाळीस जण हसलो, आणि मीही हसलो. हल्लेखोराने नियम पाळले तरच चालणारी विद्या मी विकत घेत होतो आणि ते दाखवून देणाऱ्या पोरावर हसत होतो. त्यानंतर मी अठरा महिने पैसे भरले.

माझ्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. भिंतीवर पुढाऱ्यांसोबतचे फोटो होते, माझे वजन सहा किलोने उतरले होते, दम वाढला होता. घाम खरा असला की विद्याही खरी वाटते. शंका विचारली की उत्तर तयार असे: "आपले वार प्राणघातक आहेत, म्हणून ते सरावात पूर्ण लावता येत नाहीत." २०१७ साली चीनमधील चेंगदू येथे शू शियाओदोंग या लढवय्याने वेई लेई नावाच्या ताई ची या पारंपरिक चिनी युद्धकलेच्या गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली घातले होते. ती चित्रफीत मी स्वतः गुरुजींना दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "चिनी माल नकली असतो." मला ते पटलेसुद्धा.

गेल्या मार्गशीर्षात माझा सतरा वर्षांचा भाचा माळेगावच्या यात्रेतील कुस्त्या खेळून घरी उतरला. जेवणानंतर अंगणात सर्वांसमोर मी त्याला म्हणालो की, मला धरून दाखव. त्याने खाली वाकून पट काढला, म्हणजे माझे पाय धरून ओढले, आणि मी चितपट झालो. दुसऱ्यांदा मी मर्मस्थानावर बोटे रोखली, पण बोटे पोहोचण्याआधी पाठ जमिनीला लागली होती. तिसऱ्यांदा तोच ओशाळला आणि म्हणाला, "मामा, काय करलालात तुम्ही? हात लावायच्या आधीच थांबलालात की." बायको काही बोलली नाही, ते जास्त लागले.

पारंपरिक म्हणजे खोटे, असे मी म्हणत नाही. कुस्तीही परंपराच आहे. लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, ते तालमीच्या लाल मातीत घडलेले मल्ल होते. आपल्याच शहरात होला मोहल्ला या शिखांच्या सणाला गतका ही त्यांची शस्त्रविद्या पाहताना श्रद्धा आणि कसब दोन्ही दिसतात, आणि तिथे कोणी चौघांना भारी होण्याची हमी विकत नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची शाळा काढली, तेव्हा इजा करणारे डाव मुक्त लढतीतून वगळले आणि उरलेले डाव पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या जोडीदारावर घटवून घेतले. तालमीत रोज हेच चालते. समोरचा पडायला तयार नसताना त्याला पाडण्याचा सराव जिथे होत नाही, तिथे कितीही जुनी वंशावळ सांगितली तरी ती कवायतच असते. प्रवेशापूर्वी गुरूऐवजी सहा महिने जुन्या शिष्याला नवख्याशी लढताना पाहा, आणि पाहू देत नसतील तर चप्पल घालून परत फिरा.

तक्रारीची कथा याहून संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारले, "काळा पट्टा असून तक्रार द्यायला आलात?" मग साहेबांनी सांगितले की शिकवले आहे, तुम्ही शिकलात, हा दिवाणी मामला आहे. क्रीडा खात्याच्या कार्यालयात तीन चकरा मारल्यावर उत्तर मिळाले की ही संस्था आमच्याकडे नोंदलेली नाही, म्हणून आम्हाला कारवाई करता येत नाही. म्हणजे नोंदणी न करणे हेच त्यांचे संरक्षण! प्रमाणपत्रावरील परराज्यातील संघटनेला पाठवलेले रजिस्टर पत्र 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, पण समोरच्याने उत्तरच दिले नाही. वकिलांनी पावती पाहून सांगितले की दक्षिणा ही देणगी आहे, सेवेचा मोबदला नव्हे, असा बचाव होणार. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, एवढाच दिलासा. मोबाइलवरून पाठवलेल्या २२ हप्त्यांचा तपशील मी बँकेतून काढून ठेवला आहे. रोख देणाऱ्यांच्या हाती तेवढेही नाही.

समान तक्रार असलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतात, म्हणून मी तुकडीतील चाळीस जणांना भेटलो. दोघे तयार झाले. बाकीच्यांना लाज वाटते, आणि पाच जणांची काळ्या पट्ट्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.