मुंबई–गोवा बोटीसाठी विकत घेतलेला पॅसेज प्लॅन: रस्ता जेमतेम, बंदरं झकास

साडेचार हजार रुपये मोजून समुद्रातला रस्ता विचारायचा म्हटल्यावर बडोद्यात लोक हसणारच, इथे पाणी म्हणजे सूरसागर नाहीतर विश्वामित्री, आणि तिच्यात मगरी. पण माझ्या मामेभावाची मुंबईत ३० फुटी सेलबोट आहे, आम्ही इथले चौघं क्रू म्हणून जातो, आणि यंदा गोव्यापर्यंत जायचं ठरल्यावर दादानेच ही पॅसेज प्लॅन, म्हणजे बोटीच्या प्रवासाचा आराखडा, बनवून देणारी ऑनलाइन सर्व्हिस शोधली. नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत. पैसे भरले की एक जाडजूड पीडीएफ, तासभराचा व्हिडिओ कॉल आणि निघायच्या आधी व्हॉट्सअॅपवर हवामान, एवढं मिळतं.

आधी नावडलेलं सांगतो. समुद्रातल्या मार्गाचा जो भाग आहे तो सागरी नकाशाच्या कुठल्याही अॅपवर स्वतः हाताचं बोट फिरवून मिळाला असता. किनाऱ्याला समांतर वेपॉइंट्स (मार्गातले ठरवलेले बिंदू), अंतरं, ५ नॉटने (ताशी ५ नॉटिकल मैल) किती तास, झालं. जाळ्यांबद्दल फक्त एक ओळ, ती पण "मासेमारीपासून सावध". अरे, रायगडच्या किनाऱ्यासमोर डोल जाळ्यांचे खुंट (जाळी बांधायला समुद्रतळात रोवलेले खांब) असतात, पुढे रात्रभर ट्रॉलर, पाण्यात थर्माकोलचे तुकडे बांधलेल्या दोऱ्या, त्यातली एक जरी प्रोपेलरला गुंडाळली तर कोणीतरी मास्क लावून पाण्यात उतरायचं, आणि मार्गात हाच खरा त्रास आहे. वर सामानाच्या यादीत सॅटेलाइट मेसेंजर लिहिलेला, जो आपल्याकडे परवान्याशिवाय ठेवला तर जप्त होऊन केस व्हायची, म्हणजे यादी कुठल्यातरी परदेशी टेम्प्लेटवरून उचललेली हे उघड होतं. आपल्याकडे संकटात हाक मारायला व्हीएचएफचा (बोटीवरच्या रेडिओचा) चॅनल १६ आणि कोस्ट गार्डचा फोन नंबर १५५४ हे दोन आकडे डेकवर चिकटवलेले असले की पुष्कळ, ते मात्र त्यांनी पहिल्याच पानावर ठळक दिलेत.

आता बंदरांची पानं. पैसे वसूल झाले ते इथेच. जयगड, विजयदुर्ग आणि आग्वाद, प्रत्येकाला दोन-दोन पानं आणि ती लिहिणारा माणूस तिथे खरोखर नांगर टाकून झोपलेला आहे हे वाचताना कळतं. विजयदुर्गला किल्ल्याच्या पश्चिमेकडे पाण्याखाली भिंत आहे, म्हणून फोटोच्या नादात तटाजवळ जायचं नाही, उत्तरेकडून मोकळं राहून खाडीत शिरायचं आणि किल्ल्याच्या मागे नांगर. रत्नागिरीला मिरकरवाड्यात मच्छीमार बोटींची इतकी दाटी की यॉटने तिकडे जाऊच नये. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक, अंधारात विचारही नको. रात्री शिरू नका हे तर सगळेच सांगतात, यांनी कारण पण दिलंय: गावाचे दिवे मागे असले की बंदराचा लुकलुकणारा दिवा त्यात हरवतो, आणि नांगरलेल्या होड्यांना दिवा असेलच असं नाही. म्हणून वेळ मुक्कामाकडून मागे मोजायची. मुंबई ते जयगड साधारण १०० नॉटिकल मैल, म्हणजे वीसेक तास, तर दुपारी बाराला निघा आणि सकाळी आठला उजेडात पोचा.

नांगराचं गणित पण मस्त सोडवून दिलंय. ओहोटीला ४ मीटर पाणी दिसलं म्हणून त्याच्या पाचपट, म्हणजे २० मीटर चेन सोडून झोपलात तर भरतीला ३ मीटर चढणार, वर बोटीच्या नाकाची उंची १ मीटर, म्हणजे खोली धरायची ८ आणि चेन ४०. हे तीन ओळीत आहे, पण आमच्यातल्या नवख्या दोघांना तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं.

आणि आता घोळ. विजयदुर्गची भरती पीडीएफमध्ये सकाळी ६ लिहिलेली, तारीख पौर्णिमेची, आणि त्या हिशेबाने त्यांचा सल्ला होता की दुपारी दोनला पाणी चढत असताना शिरा. कॉल आत्याच्या घरी दांडिया बाजारात चालू होता. आत्या माहेरची अलिबागची, तिने शेव-उसळ वाढता वाढता कालनिर्णय बघितलं आणि म्हणाली, "पौर्णिमेला सहाची भरती कशी रे? तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, पौर्णिमा पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा." दादाने टाइड टेबल काढलं तर साडेअकरा. बरोब्बर साडेपाच तासांचा फरक, म्हणजे वेळा जीएमटीत, ग्रीनिचच्या घड्याळाने होत्या आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं! सहाला भरती नाही, जवळपास ओहोटी. आणि दुपारी दोनला खाडीचं पाणी जोरात बाहेर येत असणार, समोरून वायव्येचे खारे वारे त्याच्यावर चढणार, म्हणजे खाडीच्या तोंडाशी उभ्या लाटा. पैसे घेऊन दिलेल्या प्लॅनमध्ये ही चूक मला तरी माफ करवत नाही. कॉलवरच्या, प्लॅन बनवणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी मान्य केलं, आत्याला "ताई, थँक्यू" म्हणाले, आणि रात्री सुधारलेला प्लॅन आला: जयगडहून मध्यरात्री मतलई वाऱ्यावर निघा, ४५ मैलांच्या आतबाहेर आहे, नऊ-दहाच्या सुमाराला चढत्या पाण्याबरोबर आत जा. तसंच केलं आणि एकदम आरामात शिरलो.

एक गोष्ट मात्र मानली. आमच्यातल्या एकाची फार हौस होती की पुढच्या वेळी बोट खंभातच्या आखातातल्या दहेज बंदरापर्यंत आणू, बडोद्याहून दीड-दोन तासांत डेकवर. दुसरा कोणी असता तर अजून एका प्लॅनचे पैसे लावले असते, यांनी सरळ नाही म्हटलं. गोव्याला भरती-ओहोटीत २ मीटरच्या आसपास फरक, मुंबईला उधाणाला पाचेक, आणि खंभातच्या आखातात भावनगरला १० च्या वर. तिथला प्रवाह ६ नॉटपर्यंत जातो आणि आपली बोट इंजिनवर जेमतेम तेवढीच पळते, म्हणजे पूर्ण थ्रॉटल देऊन जागच्या जागी, खाली सरकणारे वाळूचे बांध. "दीवला या, आखाताच्या बाहेर बाहेरून," म्हणाले.

कागदपत्रांचं पण नीट सांगितलं होतं, बोटीचं रजिस्ट्रेशन, क्रूची यादी, आधारच्या झेरॉक्स, सगळं एका प्लॅस्टिकच्या फाइलीत वरच. २६/११ नंतर किनाऱ्यावर तपासणी होतेच, आम्हाला जयगडला विचारलं, फाइल दिली, पाच मिनिटांत मोकळे.

तर मी साडेतीन स्टार देतो, बंदरांच्या पानांना पाच आणि बाकीच्याला दोन. घेणार असाल तर पूर्ण पॅकेज नको, नुसती बंदरांची पानं मागा, ती वेगळी देतात आणि निम्म्यात मिळतात, हे आम्हाला नंतर कळलं. भरतीच्या सगळ्या वेळा भारतीय वेळेत लिहून मागा. आणि तारीख पुढे गेली तर नवीन प्लॅनचे पैसे पडतात का ते बुकिंगच्या आधी विचारा, कारण हवामानामुळे आमचं निघणं आठवडाभर ढकललं असतं तर हजार रुपये अजून द्यावे लागणार होते.